रेअर अर्थची खाण उभी राहायच्या आधीच शेअर घ्यायचे का? मतं हवीत

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत कामाला आहे, सहा-सात वर्षं एसआयपी करून थोडे पैसे जमलेत, त्यातले दोन लाख रेअर अर्थ (गाड्यांच्या मॅग्नेटला वगैरे लागणारे धातू) खाणींच्या कंपन्यांत घालायचा विचार चाललाय. आणि मुद्दाम अशाच कंपन्या ज्यांचा साठा सापडलाय, डीएफएस म्हणजे खाण परवडेल की नाही याचा शेवटचा मोठा अहवाल झालाय, परवानग्या बऱ्याचशा हातात आहेत, पण बांधकामाची कुदळ अजून पडलेली नाही. बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या.

माझं गणित असं आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, आणि थोड्याच आठवड्यांत आपल्याकडच्या गाड्यांच्या कंपन्या मॅग्नेट मिळत नाहीत म्हणून दिल्लीला धावल्या. शुद्धीकरणाचं साधारण ९० टक्के काम एकट्या चीनमध्ये होतं. मग जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तिथल्याच एमपी मटेरियल्स या रेअर अर्थ कंपनीत ४० कोटी डॉलर घातले आणि निओडिमियम-प्रेसिओडिमियम या मॅग्नेटच्या धातूंना किलोला ११० डॉलर असा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला, तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे चीनबाहेरच्या खाणी आता सरकारांनाच हव्यात.

खाण गुंतवणुकीत लसाँड कर्व्ह म्हणून एक आलेख आहे, पिएर लसाँड या कॅनेडियन गुंतवणूकदाराच्या नावाचा. साठा सापडला की शेअर उसळतो, मग अहवाल, परवाने, कर्जाची जुळवाजुळव ही कंटाळवाणी वर्षं येतात आणि शेअर खाली जाऊन बसतो, आणि उत्पादन जवळ आलं की परत चढतो. बांधकाम सुरू झाल्यावर घेतला तर स्वस्ताई निघून गेलेली असते. म्हणून आत्ता घ्यावा असं वाटतंय. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

डिचोली टिप्पर:
भाऊ, स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, घेऊ नका.

माझे दोन टिप्पर होते, २०१० मध्ये घेतले, एक बँकेच्या कर्जावर आणि दुसरा बाबांची काजूची बागायत तारण ठेवून, कारण तेव्हा चीन आमची लोहखनिजाची माती सोन्यासारखी उचलत होता आणि डिचोली, साखळी, सांगे, केपे सगळीकडे जो तो ट्रक नाहीतर बार्ज घेत होता आणि कोणाला विचारलं तर तो म्हणायचा दोन सीझनमध्ये कर्ज फिटतं. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या. चवथ नऊ दिवसांवर होती, पावसाळा सरत आला म्हणून दोन्ही गाड्यांना नवीन टायर घातले होते. पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून उठली, आम्ही परत उभे राहिलो, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजची नूतनीकरणं एका निकालात रद्द, १६ मार्चपासून सगळं ठप्प. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला होताच.

आता लक्षात घ्या, या चालू खाणी होत्या, पन्नास-साठ वर्षं चाललेल्या. रस्ता होता, जेटी होती, गिऱ्हाईक होतं. तरी एका कागदावर थांबल्या. तुम्ही जिथे रस्ताही नाही तिथे पैसे घालायला निघालाय. परवानग्या बऱ्याचशा हातात आहेत म्हणालात, तो "बऱ्याचशा" शब्दच मला खटकला.

वास्को बंदर:
टिप्परकाका, तुमच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून म्हणतो, तुलना जुळत नाही. तुम्ही कर्ज काढून एकाच धंद्यात सगळं घातलं होतं, हे भाऊ साठवलेल्यातला एक भाग घालतायत, बुडाला तर दोन लाख बुडतील, बागायत जाणार नाही. दुसरं, आपल्याकडे लीजच्या नूतनीकरणातच गोंधळ होता म्हणून कोर्टाने बडगा उचलला, ऑस्ट्रेलियात खाण परवान्याची पद्धत जुनी आणि बसलेली आहे.

आणि फायदा किती होऊ शकतो तेही बघा ना. लायनस या ऑस्ट्रेलियन रेअर अर्थ कंपनीचा शेअर २०१५ मध्ये काही सेंटवर लोळत होता, सगळे म्हणत होते कंपनी गेली. ज्यांनी तेव्हा घेतला आणि धरून ठेवला त्यांचे पैसे कित्येक पटींनी वाढले. जोखीम न घेता असं काही मिळत नाही. मी स्वतः अशा दोन कंपन्या घेतल्यात आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

कुडचडे केमिस्ट:
वास्को, लायनसचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. २०१५ मध्ये त्यांची ऑस्ट्रेलियातली माउंट वेल्डची खाण सुरू होती आणि मलेशियातला गेबेंगचा कारखानाही चालू होता. म्हणजे ज्यांना फायदा झाला त्यांनी बांधकाम संपल्यावर, पडलेल्या भावात घेतला. ज्यांनी २०११ मध्ये, कारखाना पुरा व्हायच्या आधी, दोन डॉलरच्या वर घेतला होता त्यांची अवस्था काय झाली ते चार वर्षांत दिसलं. हाच मुद्दा आहे ना धाग्याचा?

मी प्रोसेस केमिस्ट आहे, खाणीत नाही पण सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (द्रावकाने पदार्थ वेगळे काढणं) रोज करते, म्हणून थोडं लांबण लावते. गोव्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात खाण म्हणजे काय, तर खणा, चाळा, धुवा, बार्जमध्ये भरा, मुरगावला नेऊन जहाजावर चढवा. लोहखनिज असं विकलं जातं. रेअर अर्थ असं विकलं जात नाही. मोनाझाइट नाहीतर बॅस्टनेसाइटचं खनिज आधी आम्लात किंवा अल्कलीत भाजून फोडायचं, मग पंधराएक मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करायची, आणि ती रासायनिकदृष्ट्या सख्ख्या भावंडांसारखी आहेत, एका टाकीत जरासाच फरक पडतो, म्हणून टाक्यांच्या रांगाच्या रांगा लावाव्या लागतात, शेकडो टप्पे. शुद्धता गिऱ्हाइकाला पाहिजे तेवढी आली नाही तर माल पडून. आणि जे भरपूर निघतं ते सेरियम आणि लँथेनम, त्याला भाव नाही. पैसे निओडिमियम-प्रेसिओडिमियममध्ये, आणि डिस्प्रोसियम-टर्बियममध्ये, जे थोडंसंच निघतं.

म्हणून डीएफएसमधला आकडा मी विश्वासाने वाचू शकत नाही. ऑस्ट्रेलियातच इलुका कंपनीच्या एनीबा रिफायनरीला २०२२ मध्ये सरकारने १.२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर कर्ज मंजूर केलं, पुढे खर्चाचा अंदाज १.७ ते १.८ अब्जांवर गेला आणि सरकारला अजून ४० कोटी द्यावे लागले. इलुकाकडे झिरकॉन हे दुसरं खनिज विकून येणारे पैसे तरी आहेत. ज्या कंपनीकडे विकायला अजून काहीच नाही ती वाढलेला खर्च कुठून आणणार? नवीन शेअर काढूनच.

म्हापशेकर:
केमिस्टताई, हा शेवटचा मुद्दा जरा फोडून सांगाल का. नवीन शेअर काढले तरी कंपनीही मोठी होते ना?

मडगाव सीए:
मी सांगतो, हा माझा विषय. समजा कंपनीची आजची बाजारातली किंमत १०० कोटी आणि खाण-कारखान्याला १००० कोटी लागणार. बँका, सरकारं मिळून अर्धं कर्ज देतील असं धरू. उरलेले ५०० कोटी शेअर विकून. आजच्याच भावाने विकले तरी जुन्या लोकांकडे राहतो सहावा हिस्सा. शेअर पडला असेल तर त्याहून कमी, आणि जेव्हा पैशांची गरज असते तेव्हा शेअर बहुतेक पडलेलाच असतो. म्हणजे खाण यशस्वी झाली, अहवालातला नफाही आला, तरी तो तुमच्या वाट्याला येताना सहा जणांत वाटला गेलेला असतो. तो लसाँडचा आलेख शेअरच्या भावाचा आहे खरा, पण चित्र काढताना ज्या खाणी शेवटी उभ्या राहिल्या त्यांचं काढतात, मधल्या खड्ड्यात संपलेल्या कितीतरी कंपन्या त्या आलेखात नाहीत.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात: पैसे एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) बाहेर जातील, वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा कर लागत नाही, पण आयटीआरमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचंच, एक शेअर असला तरी. रिटर्न भरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

वास्को बंदर:
सीएसाहेब, गणित बरोबर आहे पण तुम्ही धरून चाललात की शेअर आजच्याच भावाने विकले जातील. सरकारी कर्ज, खरेदीदारांचे करार, किमान भाव हे सगळं आधी जुळलं तर शेअर वर जातो आणि मग त्याच पैशांसाठी कमी शेअर काढावे लागतात. अराफुरा या तिथल्या रेअर अर्थ कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारने मार्च २०२४ मध्ये ८४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. दहा वर्षांपूर्वी असं कोणी दिलं असतं का? काळ बदललाय.

डिचोली टिप्पर:
त्या अराफुराचा नोलन्सचा साठा कधी सापडला ते पण लिहा ना. मुलाला शोधायला लावलं, १९९५ निघालं. २०२५ आलं तरी खाण नाही. तीस वर्षं.

वास्को बंदर:
मान्य आहे, उशीर झालाय. पण तीस वर्षांत पैसे नव्हते म्हणून झाला, आता पैसे येतायत एवढंच माझं म्हणणं.

रिवणची माती:
मी शेअरबिअर घेत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या शेतात खाणीचा गाळ येऊन बसायचा, पहिल्या पावसात लाल पाणी, विहिरीची पातळी खणीच्या पंपाने खाली गेलेली. कंपनीच्या अहवालात आम्ही कुठे असतो? एका परिच्छेदात.

रेअर अर्थमध्ये तर त्यात किरणोत्सारी थोरियम पण असतं, मोनाझाइटमध्ये असतंच. मलेशियात कुआंतानच्या लोकांनी लायनसच्या कारखान्याविरुद्ध मोर्चे काढले ते उगाच नाही, त्यांच्याच देशात पेराक राज्यात बुकित मेराहला असा एक कारखाना होता, तो १९९० च्या दशकात बंद पडला आणि तिथला किरणोत्सारी कचरा साफ करायला पुढे किती वर्षं गेली. ग्रीनलँडच्या क्वानेफेल्डचं बघा, मोठा साठा, ऑस्ट्रेलियन कंपनीने वर्षानुवर्षं पैसे घातले, २०२१ ची निवडणूक याच खाणीवर लढली गेली, विरोध करणारा पक्ष जिंकला आणि त्याच वर्षी युरेनियमबंदीचा कायदा आला. रेअर अर्थच्या त्या खनिजातच युरेनियम मिसळलेलं, खाण अडकली, कंपनी लवादात गेली. गावाने नको म्हटलं की पैसे जातात, आणि गावाला विचारायला गुंतवणूकदार कधी जात नाही. मला वाटतं भाऊंनी तरी जावं, निदान तिथल्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचावं.

म्हापशेकर:
ताई, हे मी खरंच बघितलं नव्हतं. परवानगी म्हणजे सरकारचा शिक्का एवढंच डोक्यात होतं, आणि मी तर गोव्याचा माणूस, मला तरी हे सुचायला हवं होतं. भारतातलंच काही घेता येईल का मग?

मडगाव सीए:
खाणीचं म्हणाल तर नाही. आयआरईएल ही १९५० पासूनची सरकारी कंपनी, केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर, पण ती शेअर बाजारात नाही. किनाऱ्याच्या वाळूतलं मोनाझाइट अणुखनिजात मोडतं, २०१९ पासून ते खाजगी कंपन्यांना खणता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांचं उद्दिष्ट, पण त्या नावावर कुठलाही शेअर दुप्पट भावाने विकायला लोक बसलेत, सांभाळून.

कुडचडे केमिस्ट:
एक राहिलं, मॉलीकॉर्प, अमेरिकेतल्या माउंटन पास खाणीची आधीची कंपनी. २०१० मध्ये चीन-जपान भांडणात जपानला जाणारा माल अडला, भाव कडाडले. जुलै २०१० मध्ये १४ डॉलरला आलेला मॉलीकॉर्पचा शेअर २०११ मध्ये सत्तरच्या वर गेला. माउंटन पासची खाण तर दशकांपूर्वीची, फक्त कारखाना नव्याने बांधायचा होता. खर्च वाढला, कारखाना नीट चालेना, तोवर चीनमधला भाव कोसळला, जून २०१५ मध्ये दिवाळखोरी. आज तीच खाण एमपी मटेरियल्सकडे आहे, जिचं उदाहरण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये दिलंत. खाण टिकली, पहिल्या शेअरहोल्डरांचे पैसे गेले. लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर या धातूंचा वायदा नाही, भाव चीनमध्ये ठरतो आणि त्यांना हवा तेव्हा पडतो.

वास्को बंदर:
आणि म्हणूनच आता किमान भाव बांधून दिला जातोय ताई. मॉलीकॉर्पला तो नव्हता. माझं मत मी बदलत नाही, पण एवढं मान्य की ज्या कंपनीकडे असा करार नाही तिच्यात मीही घालणार नाही.

म्हापशेकर:
ठीक, मग माझं असं ठरतंय. दोन लाख नाही, चाळीस हजार, आणि तेही कर्ज आणि खरेदीचा करार दोन्ही सह्या होऊन जाहीर झाल्यावरच, मग भाव चढलेला मिळाला तरी चालेल. टिप्परकाका, तुम्हाला हेही पटणार नाही माहीत आहे.

डिचोली टिप्पर:
नाही पटत. पण चाळीस हजार तुमचे आहेत, बँकेचे नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. माझा दुसरा टिप्पर २०१९ मध्ये भंगारच्या भावात गेला, बागायत मात्र सोडवली, यंदा काजू बरा आलाय.

कुडचडे केमिस्ट:
म्हापशेकर, ज्या दोन-तीन कंपन्या मनात आहेत त्यांच्या डीएफएसमध्ये बघा थोरियमचा कचरा कुठे ठेवणार लिहिलंय, आणि शुद्धीकरण स्वतः करणार की अर्धवट माल दुसऱ्याला देणार. ती पानं इथे टाका, मी वाचून सांगते.

म्हापशेकर:
रविवारी बसतो. तीन अहवाल आहेत, एकेक चारशे पानांचा, पण टाकतो.