मदत हवी आहे: पाप जन्मासोबत येतं का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, सदरला राहतो. येत्या रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात माणसाचा स्वभाव आणि पाप यावर बोलायचंय, अन् एका ठिकाणी गाडी अडलीय.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती १:२७ नुसार माणूस देवाच्या प्रतिरूपाचा. पुढे ८:२१ मध्ये, जलप्रलयानंतर, देवच म्हणतो की माणसाच्या मनातले विचार बालपणापासून वाईट असतात. इथवर ठीक. पण रोमकरांस पत्र ५:१२ मध्ये प्रेषित पौल सांगतो, एका माणसामुळे (म्हणजे पहिला माणूस आदाम) पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. उलट यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक (१८:२०) स्पष्ट म्हणतं, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. मग आदामाचा दोष माझ्या माथी कसा?

जुन्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन आदामाचा दोषही वारशात येतो असं मानतो. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरा मात्र मरण आणि दुबळेपणा येतो, दोष नाही, असं म्हणते. मला दुसरं जास्त पटतं, पण आमच्यातले जुने लोक ऐकून घेतील असं वाटत नाही! ‘मी जन्मतःच पापी’ असं सांगणारं स्तोत्र ५१:५ तर हमखास पुढे करतील.

यहेज्केल आणि पौल यांची सांगड कशी घालावी? कोणी मराठीतून शिकवलं असेल तर कृपया सांगा. शनिवारपर्यंत उत्तर मिळालं तर बरं होईल.