ओटा तोडलाय: चिमणी, हॉब, मिक्सर, ओव्हन यांत आधी काय ठरवायचं?

नवा_ओटा

पुण्यातल्या टू बीएचके फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करतोय. जुना ओटा तोडून झालाय, ग्रॅनाईट पुढच्या आठवड्यात बसेल. खोली १० फूट बाय ८ फूट, उंची साडेनऊ फूट. शेगडीच्या मागची भिंत बाहेरची, सिंकवर खिडकी. सध्या सिलिंडर आहे, पण पाइपच्या गॅसचं मीटर बसलंय, महिन्याभरात जोडणी होईल. माणसं पाच. रोज भाकरी-पोळ्या, आठवड्यातून दोनदा मासे, महिन्यातून तीन-चारदा इडली-डोसा, दिवाळीत तळण.

घ्यायचं आहे ते असं: चिमणी, चार बर्नरचा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), मिक्सर, ओव्हन आणि अडीनडीला इंडक्शन. चिमणीवर १२००, १४००, १५०० असे आकडे दिसतात (तासाला किती घनमीटर हवा ओढते ते), त्यातला किती पुरेसा? फिल्टरलेस की बॅफल (धातूच्या पट्ट्यांचा, काढून धुवायचा फिल्टर)? मिक्सर ७५० वॉटचा की १००० चा? कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेतला तर ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) वेगळा लागतो का? दुकानात विचारावं तर जो माल पडून असतो तोच सगळ्यात चांगला निघतो.

तार_आणि_पाना

मॉडेल नंतर बघा. ग्रॅनाईट बसायच्या आत चार गोष्टी ठरल्या पाहिजेत, कारण त्या नंतर बदलायच्या म्हणजे परत फोडाफोडी: चिमणीचं भोक, हॉबचा कटआउट (त्यासाठी दगडात कापायची जागा), विजेचे पॉइंट आणि गॅसची लाइन.

चिमणीचा हिशोब आधी करू. १० × ८ × साडेनऊ म्हणजे ७६० घनफूट, साधारण साडेएकवीस घनमीटर. स्वयंपाकघरातली हवा तासाला १० ते १२ वेळा बदलावी असा ढोबळ नियम धरला तर तासाला २१५ ते २६० घनमीटर. म्हणजे १२०० हा आकडाही चौपटीच्या पुढे आहे! मग एवढा का लागतो? खोक्यावरचा आकडा हवेला काहीच अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, पाइप, प्रत्येक वळण आणि बाहेरची जाळी हे सगळे त्यातून आपापला वाटा घेतात. तुमच्या खोलीला १००० ते १२०० भरपूर. त्यापुढचे पैसे पाइपावर घाला.

पाइप ६ इंची हवा, शेवटपर्यंत ६ इंची. बसवणारा माणूस जुनं ४ इंची भोक दिसलं की रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) लावून मोकळा होतो. ४ इंची भोकाचं क्षेत्रफळ ६ इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतं. मग १५०० ची चिमणी नुसती ओरडते, धूर मात्र घरातच राहतो. पाइपाची लांबी शक्यतो ८-१० फुटांच्या आत आणि वळणं दोनापेक्षा जास्त नकोत. ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप वापरला तर पूर्ण ताणून बसवा. जादा लांबी चुण्या पाडून कोंबली की त्या चुण्यांत तेल साठतं. भिंतीतून जाताना पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भोक साडेसहा-सात इंचांचं, कोअर कटिंगने (गोल ड्रिल मशीनने). बीम किंवा कॉलममध्ये अजिबात नाही. सोसायटीची परवानगी घ्या, आणि इमारतीच्या सामाईक डक्टमध्ये तोंड सोडू नका. तुमच्या सुरमईचा वास वरच्या मजल्यावर जेवायला जाईल.

चिमणीचा खालचा काठ बर्नरपासून २६ ते ३० इंच. कंपनीच्या पत्रकात जो आकडा असेल तो अंतिम. त्याहून खाली आणली तर तळणाच्या वेळी धोका, वर नेली तर धूर बाजूने निसटतो. चार बर्नरचा हॉब असेल तर चिमणी ९० सेंटीमीटरची घ्या. ६० ची घेतली की कडेच्या बर्नरवरची फोडणी हुकते.

आता वीज. इंडक्शन २००० वॉट, ओटीजी १५००, किटली १५००: तिन्ही एकदम चालू झाली तर ५००० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २२ अँपिअर. एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर हे टिकणार नाही. स्वयंपाकघरासाठी मीटरच्या बोर्डापासून निदान दोन वेगळ्या पॉवर लाइन ओढा, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्रत्येकीला आपला एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली, शॉक बसला की वीज तोडणारा). मिक्सर, चिमणी आणि पाण्याच्या फिल्टरला ६ अँपिअरचे पॉइंट चालतात. चिमणीचा पॉइंट तिच्या मागे नको, वरच्या कपाटाच्या बाजूला द्या, नाहीतर प्लग काढायला चिमणी उतरवावी लागेल. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो ३ किलोवॉट असेल आणि घरात गीझर, एसीही असतील तर वाढवून घ्या.

हॉब मात्र ग्रॅनाईट कापायच्या आधी घरात आलेला हवा. प्रत्येक मॉडेलचा कटआउट वेगळा. खोक्यात कागदी साचा असतो, तो कारागिराच्या हातात द्या. 'स्टँडर्ड साइज' असं म्हणून आधीच कापलेला दगड परत जोडता येत नाही.

सातवी_शिट्टी

वरच्या प्रतिसादाला +१. हॉबबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्याकडे गॅस बदलणार आहे.

घरगुती सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ मिलिबारने. शिवाय सारख्याच आकारमानात पाइपच्या गॅसमध्ये उष्णता बरीच कमी. म्हणून त्याच्या जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचं) भोक मोठं असतं. सिलिंडरचे जेट तसेच ठेवून पाइप जोडला तर ज्योत बुटकी आणि मिणमिणती, वरण शिजता शिजत नाही. उलट केलं तर ज्योत लांब, पिवळी, आणि भांड्यांच्या बुडाला काजळी. त्यामुळे हॉब घेताना त्याच्या पाइप गॅसच्या जेटचा संच मिळतो का हे विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या. बदल गॅस कंपनीच्या किंवा हॉबच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. जेट सुईने मोठा करून देणारे भेटतात, त्यांना चहा देऊन परत पाठवा. जोडणीला एकच महिना आहे, तर तोवर जुनी शेगडी ओट्यावर ठेवून काम भागवा आणि हॉब थेट पाइपवरच सुरू करा.

काच की स्टील? काच पुसायला सोपी, पण तुमच्याकडे रोज भाकरी आहे, म्हणजे बिडाचा जड तवा आणि मोठी आच. काच फुटते ती बहुतेक वेळा तीन कारणांनी: तापलेला तवा थेट काचेवर टेकवणं, गरम काचेवर ओलं फडकं, आणि बर्नरचं डोकं धुऊन परत वाकडं बसवणं. तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही. डोकं नीट बसलं नाही की गॅस खालच्या बाजूने जळतो आणि काच खालून तापते. एवढी काळजी रोज घेतली जाणार नसेल तर स्टील घ्या, दिसायला साधं असलं तरी.

दोन बर्नरच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. १२ इंची कढई आणि १२ इंची तवा शेजारी ठेवायचे तर निदान १३ इंच लागतात. पुष्कळ चार बर्नरच्या हॉबवर प्रत्यक्षात दोनच मोठी भांडी मावतात. तसं असेल तर तीन बर्नरचा ऐसपैस हॉब बरा. ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेलाच घ्या. बटण तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, पहिले आठ दिवस वैताग येतो. पण खिडकीचा वारा आणि उतू जाणारं दूध दोन्ही तुमच्याकडे असणारच.

मिक्सर: ७५० वॉट पुरे. वॉटपेक्षा तळाची पट्टी वाचा. तिथे '३० मिनिटं' असं रेटिंग असतं आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा फेऱ्या. सलग अर्धा तास चालवायचं ते यंत्र नाही. आयएसआय चिन्हाखाली आयएस ४२५० हा क्रमांक दिसायला हवा. मध्येच बंद पडला की खाली लाल बटण असतं. भांडं काढा, दहा मिनिटं थांबा, मग ते दाबा. बटण वारंवार उडत असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरलं जातंय किंवा उडदाच्या डाळीत पाणी कमी पडतंय. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण पूर्ण गार करूनच घाला, वाफेने झाकण उडतं. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्या. भाजणी गिरणीतूनच आणा, मिक्सरला ती शिक्षा नको. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी झिरपायला लागलं तर बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची नळी) गेला. लगेच बदला, नाहीतर ते पाणी मोटरीत उतरतं. खालचा कप्लर (मोटर आणि भांडं जोडणारी चकती) झिजणं मात्र नेहमीचं, त्याला घाबरू नका.

महिन्यातून तीन-चारदाच इडली असेल तर वेट ग्राइंडर नको, जागा अडेल. दर आठवड्याला किलोभर डाळ-तांदूळ भिजत असतील तरच २ लिटरचा घ्या. दगडात पीठ तापत नाही, म्हणून ते चांगलं फुगतं. मिक्सरमध्ये वाटणार असाल तर थंड पाणी घालत थांबत थांबत वाटा, बराच फरक पडतो. पुरणाला पुरणयंत्रच.

मंद_आच

ओव्हनचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

मुख्य काम 'गरम करणं' असेल तर २० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह घ्या आणि विषय संपवा. नानकटाई, केक, पाव, भाजलेल्या भाज्या करायच्या असतील तर २८-३० लिटरचा ओटीजी. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही करतो, पण बऱ्याच मॉडेलमध्ये खालून थेट आच मिळत नाही, त्यामुळे पावाचं आणि पिझ्झाचं बूड फिकं राहतं. फिरती थाळी असल्यामुळे मोठा चौकोनी ट्रेही बसत नाही. त्यात केक होत असताना भाजी गरम करता येत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही.

ओटीजीला वर-खाली दोन्ही कॉइल एकदम चालवता येणारा, पंखा असलेला आणि बदलता येईल असा दिवा असलेला बघा. आधी १० मिनिटं रिकामा तापू द्या. डायलवरचं तापमान आणि आतलं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो; ओव्हनचं साधं थर्मामीटर आत टांगून ठेवा. बाजूला १० आणि वर २० सेंटीमीटर तरी जागा सोडा. ट्रॉलीवाले फोटोत छान दिसतं म्हणून घट्ट कप्पा करतात आणि मग प्लायवूडची कड करपते.

इंडक्शनसाठी एक लोहचुंबक खिशात ठेवा. भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटला तर चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालणार नाही, गोल बुडाची कढईही नाही. आणि भाकरी त्यावर फुगणार नाही, तिला ज्योतच हवी. नवा कुकर घेणार असाल तर आयएस २३४७ चं आयएसआय चिन्ह बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. वरणासाठी अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस शिट्टीची नळी बुजवतो.

फिल्टरलेस की बॅफल यावर माझं मत: बॅफल. फिल्टरलेसमध्ये तेल थेट पंख्यापर्यंत जातं. ऑटोक्लीन म्हणजे आतला हीटर तेल वितळवून खालच्या वाटीत सोडतो, पण महिनोन्‌महिने वाळून वार्निशसारखं झालेलं तेल तो सोडवू शकत नाही.

तार_आणि_पाना

इथे थोडं वेगळं मत. घरातलं कुणी बॅफल खरंच धुणार असेल तर बॅफल. तळण आणि मासे धरून दर १५ दिवसांनी काढून, गरम पाण्यात भांड्यांची पावडर टाकून अर्धा तास भिजवावा लागतो. फिल्टर ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, काळा पडून झिजतो. हे होणार नसेल तर तेलाने तुंबलेल्या बॅफलपेक्षा फिल्टरलेस परवडली. मात्र तिचं ऑटोक्लीन दर १५ दिवसांनी चालवा, वाटी रिकामी करा आणि वर्षातून एकदा पंखा उघडून साफ करून घ्या. कोणतीही घेतली तरी फोडणीच्या आधी पाच मिनिटं सुरू करायची आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवायची. सिंकवरची खिडकी तेव्हा थोडी उघडी असू दे. बाहेरून हवा आत आली नाही तर चिमणी बाहेर काय फेकणार?

नवा_ओटा

सगळ्यांचे आभार. एक अडचण: शेगडीच्या भिंतीला छताला लागून दीड फुटी बीम आहे. भोक त्याखाली बसेल ना? ओटा ३४ इंच.

तार_आणि_पाना

बीमचा खालचा काठ ८ फुटांवर आला. ओटा ३४ इंच अधिक २८ इंच अंतर, म्हणजे चिमणीचा खालचा काठ ५ फूट २ इंचांवर. चिमणीची उंची १८-२० इंच धरली तर तिचं वरचं तोंड ६ फूट ८ इंच ते ६ फूट १० इंचांच्या मध्ये येतं. वळणाला आणखी ८-९ इंच. भोकाचा मध्य साडेसात फुटांवर ठेवा. ७ इंची भोकाचा वरचा काठ ७ फूट साडेनऊ इंचांवर येईल, बीमखाली अडीच इंच सुटतील. जागा अगदी नेमकी आहे, म्हणून २० इंचांहून उंच मॉडेल घेऊ नका. वरचा डेकोरेटिव्ह कव्हर-पाइप बीमला अडतो का तेही बघा; अडला तर तो दुकानदार कापून देतो. कोअर कटिंग करण्याआधी प्लास्टर थोडं खरवडून बीम नक्की कुठे संपतो ते पाहून घ्या, नकाशावर विसंबू नका.