राजाला ढोंगी कधी म्हणायचं?

चाटीगल्ली:
पार्क चौकात आमचा रविवारचा कट्टा असतो. तिथं सुरू झालेला वाद अजून मिटेना, म्हणून इथं टाकतोय. मित्र म्हणतो, राजा बोलला एक आणि केलं दुसरं की ढोंगी, विषय संपला. त्याचा लाडका दाखला म्हणजे प्रशिया ह्या जर्मन राज्याचा दुसरा फ्रेडरिक. युवराज असताना ह्या गड्यानं, राज्य टिकवायला राजानं कपटही करावं म्हणणाऱ्या मॅकिआव्हेलीला खोडून काढणारं पुस्तक लिहिलं: राजा म्हणजे प्रजेचा सेवक, लोभापायी लढाया करू नयेत वगैरे. १७४० च्या मेमध्ये गादीवर बसला, त्याच वर्षी पुस्तक छापून आलं आणि डिसेंबरात स्वारी ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात!

मला हे ढोंग वाटत नाही. लिहिताना मनापासून लिहिलं असेल की. पुढं बापाची तयार फौज, भरलेला खजिना हातात आला, ऑक्टोबरात ऑस्ट्रियाचा सम्राट वारला, गादीवर त्याची नवखी मुलगी मारिया तेरेसा. सुटला मोह. मोहाला ढोंग म्हणायचं का ओ?

मास्तर_बाळीवेस:
स्वतः मावा खाणारा बाप पोराला "खाऊ नको रे" म्हणतो, तो ढोंगी नाही. उलट त्याला जास्त कळतंय. "मी शिवतसुद्धा नाही" म्हणत गालात धरून बसतो, तो ढोंगी. इतिहास शिकवताना मी पोरांना हेच सांगायचो. वर्गातले निम्मे बाप आठवून हसायचे.

म्हणून पुस्तकापुरतं तुमचं बरोबर. पण पुढचं बघा की. फौजेला हुकूम देऊन झाल्यावर फ्रेडरिकनं मंत्र्याला कळवलं, की हक्काचा मुद्दा तुम्ही तयार करा, ते काम तुमचं. मग सायलेशियावर घराण्याचा जुना वारसाहक्क कसा आहे, ह्याचे कागद जगापुढं आले. आणि नंतर स्वतःच्या आठवणींत स्वारीच्या कारणांत त्यानं नाव कमावायची हौसही लिहून ठेवली. ढोंग शोधायचं तर त्या हक्काच्या कागदांत शोधा.

अस्सल नमुना हवा असेल तर बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड. गुलामांचा व्यापार बंद करतो म्हणून जगाची शाबासकी घेतली, १८८९ मध्ये ब्रुसेल्सला त्यासाठी परिषद भरवली आणि स्वतःच्या खासगी मालकीच्या काँगोत रबरासाठी माणसं वेठीला धरली. काँगोत स्वतः कधी पाऊल ठेवलं नाही. १९०८ मध्ये काँगो सोडावा लागला, तेव्हा कागदपत्रं जाळून टाकली. चूक झाली असं वाटणारा माणूस कागद कशाला जाळेल?

जुनी_गिरणी:
मास्तर, राजाच्या मनात काय होतं ह्याच्याशी रयतेला काय करायचंय? १८५८ चा राणीचा जाहीरनामा घ्या. वंश-धर्म न बघता नोकऱ्या देऊ असं वचन. व्हिक्टोरियानं तर मसुदा वाचून पंतप्रधान डर्बीला परत लिहायला लावला, त्यात औदार्य आणि धर्मसहिष्णुता दिसू दे म्हणाली. बाई मनानं खरी असेल. पण आयसीएसची, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्यांची, परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनला! वर वयाची अट २१ वरून १९ वर आणली. इकडच्या पोरानं बोटीचे पैसे कुठून आणायचे? आणि तिच्याच नातवाच्या राज्यात १९३० मध्ये आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा येरवड्यात फासावर गेले. पंचम जॉर्ज मनानं कसा होता, ह्यानं त्या चार घरांना काय फरक पडला?

मास्तर_बाळीवेस:
ताई, घरांना काहीच नाही, मान्य. पण दोष कुणाच्या पदरात घालायचा हे ठरवताना फरक पडतो. व्हाइसरॉय लिटननं १८७८ च्या गुप्त टिपणात कबूल केलंय, की कानाला गोड लागेल असं वचन दिलं आणि ते मोडायची एकेक वाट शोधली. बाहेर जाहीरनामा मिरवायचा, आत हे टिपण. राणीला भाबडी म्हणा हवं तर, ढोंगी तिचं सरकार.

जुनी_गिरणी:
भाबडी? सही कुणाची होती मास्तर? पगार कोण घेत होतं?

चाटीगल्ली:
हे पटलं बरं का. मास्तर, मित्राला लिटनचं सांगतो, पण तो आता इंग्लंडच्या आठव्या हेन्रीवर येणार. १५२१ मध्ये पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूथरविरुद्ध लिहिलं म्हणून पोपनं त्याला "धर्मरक्षक" पदवी दिली, १५३४ मध्ये पोपलाच झुगारलं, आणि पदवी आज चार्ल्सच्या नाण्यावरही आहे.

मास्तर_बाळीवेस:
पोपनं ती काढून घेतली होती. १५४४ मध्ये पार्लमेंटनं परत दिली, नाण्यावर आहे ती हीच. मित्राला घेऊन या रविवारी, मीही येतो. ताई, तुम्हीपण या.