टेलव्हील विमान नीट टेकल्यावर, वेग उतरल्यावरच का फिरतं?

गंगापूर_रोड
नमस्कार मंडळी. आतापर्यंत सेस्ना 152 आणि 172, म्हणजे सगळं नोजव्हीलवर (तिसरं चाक नाकाखाली). आता टेलव्हीलचं (तिसरं चाक शेपटीखाली) पायपर जे-3 कब शिकायला घेतोय, 65 हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. टेलव्हीलच्या अपघातांचे अहवाल वाचले तर एकच प्रकार सारखा दिसतो: टेकलं व्यवस्थित, वेग कमी झाला, आणि मग ग्राउंड लूप, म्हणजे जमिनीवरच विमान गर्रकन फिरणं. वेग कमी झाल्यावर तर काम सोपं व्हायला हवं ना?

दुसरं म्हणजे थ्री-पॉइंट (तिन्ही चाकं एकदम टेकवणं) की व्हील लँडिंग (आधी फक्त मुख्य चाकं), आधी काय पक्कं करायचं? आणि हलक्या लूपनंतर वरून फक्त विंगटिप खरचटलेली दिसत असेल, तर उघडून नेमकं काय बघायचं? हवा नाशिकची धरा, मे-जूनमधली.

उजवा_पाय
गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे आहे, सगळी भानगड तिथे. विमान जरा तिरकं झालं की चाकं अडवतात, पण मागचं वजन जुन्याच दिशेनं रेटत राहतं, म्हणून तिरकेपणा आपोआप वाढतो. नोजव्हीलमध्ये वजन चाकांच्या पुढे असतं, विमान स्वतःच सरळ होतं, आणि पायांना आळस लागतो.

आता वेगाचं. रडरचा, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या पाळीचा, जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो: 40 नॉटला जेवढा होता त्याचा चौथा हिस्सा 20 नॉटला उरतो. थ्रॉटल बंद म्हणून प्रॉपेलरचा झोत नाही. शेपूट खाली बसली की पुढच्या धडाच्या आडोशामुळे रडरवर धड हवाही येत नाही. बाजूचा वारा मात्र होता तेवढाच असतो आणि नाक आपल्याकडे ओढत राहतो. म्हणजे रडर संपत आलाय आणि टेलव्हीलच्या स्प्रिंगा व ब्रेक एवढंच हातात आहे, असा एक पट्टा येतो. नेमकं तेव्हाच माणूस ‘उतरलो बुवा’ म्हणून सैल पडतो.

पण बीज बहुतेक वेळा टेकतानाच पडलेलं असतं. चाकं टेकली त्या क्षणी विमान बाजूला वाहत असेल किंवा नाक धावपट्टीच्या रेषेत नसेल, तर लूपची सुरुवात तिथेच झाली. नंतरचे 100-150 मीटर तुम्ही फक्त उधारीवर चालता.

पायाचं काम: नाक हललं की दाबा आणि लगेच सोडा. दाबून धरलंत तर दुसऱ्या बाजूला जाल. थ्री-पॉइंटनंतर स्टिक पोटापर्यंत मागे आणि तिथेच, म्हणजे टेलव्हीलवर वजन राहून स्टिअरिंग मिळतं. वेग उतरत जाईल तसा वाऱ्याच्या बाजूचा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पाळी) वाढवत शेवटी पूर्ण. रडर पूर्ण देऊनही नाक चाललंच असेल तर उलट्या बाजूचा ब्रेक टोचून द्या, जोडीला थ्रॉटलचा छोटा झटका, म्हणजे रडरला झोत मिळतो. मात्र विमान आडवं घसरायला लागलं असेल तर थ्रॉटलला हात नको, बंद करा. आता फक्त कमी वेगात आपटायचं आहे.

डोप_आणि_कापड
वरचं सगळं बरोबर, पण वैमानिकाच्या पायाला दोष देण्याआधी विमान तपासा. तीन ठिकाणं.

पहिलं, मुख्य चाकांचं अलाइनमेंट. टेलव्हील विमानात टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) वाईट. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. ते चाक आत वळलेलं असेल तर विमानाला आणखी डावीकडेच नेतं. शून्य किंवा अगदी किंचित टो-आउट हवं. टायरच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर एकाच उंचीवर मोजा. टायरचा व्यास 400 मिमी असेल तर दोन्ही चाकं मिळून 1 अंश म्हणजे सुमारे 7 मिमी फरक.

दुसरं, टेलव्हीलची पिव्होट पिन (चाक डावी-उजवीकडे जिच्यावर वळतं ती). विमान जमिनीवर, पूर्ण भार असताना बाजूनं बघा. पिन उभी किंवा वरचं टोक किंचित मागे असायला हवं. लीफ स्प्रिंग बसली की वरचं टोक पुढे झुकतं, आणि मग शिमी सुरू: रडर पेडलपर्यंत थरथर येते. लोक टायर बदलतात, नट आवळतात, आठवड्यानं शिमी परत. पट्ट्यांना पुन्हा बाक द्या किंवा नव्या घाला.

तिसरं, टेलव्हीलचा लॉक. स्टिअरेबल टेलव्हील ठरावीक कोनाच्या पुढे गेलं की सुटून मोकळं फिरतं, हँगरमध्ये वळवायला ते बरं. आतला डिटेंट (चाक अडकवून धरणारी खाच) झिजला की ते फारच लवकर सुटतं, आणि रोलआउटमध्ये (टेकल्यानंतरच्या धावेत) सुटलं तर मागे स्टिअरिंगच नाही. शेपूट उचलून ट्रेसलवर (घोडीवर) ठेवा, चाक हातानं दोन्ही बाजूंना फिरवा. डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या कोनात सुटत असेल तर खोलायची वेळ झाली. स्टिअरिंगच्या साखळ्या लोंबकळत नकोत, तारेसारख्या ताणलेल्याही नकोत.

आता लूपनंतरचं. विंगटिप टेकली म्हणजे स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) झटका बसला असंच धरायचं. लाकडी स्पारमध्ये दाबाची चीर तंतूंना आडवी जाते, केसाएवढी बारीक, वार्निशखाली सहज लपते. स्ट्रट (पंखाचा तिरका टेकू) जिथे जोडला जातो तिथल्या प्लायच्या मजबुतीपट्टीच्या कडेला आणि रिबच्या (पंखाच्या फासळीच्या) खिळ्यांजवळ आधी बघा. टॉर्च स्पारला जवळजवळ चिकटवून तिरका प्रकाश टाका; सरळ प्रकाशात ही चीर दिसत नाही. रिबचे खिळे वर आलेले दिसले तर तिथून संशय सुरू. एरोन्का-चँपियन घराण्यातल्या 7, 8 आणि 11 मालिकांच्या लाकडी स्पारसाठी एफएएनं (अमेरिकेची विमान-नियामक संस्था) एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हच (सक्तीची सुरक्षा-सूचना) काढलेली आहे. आपला एचएएलचा पुष्पक त्याच 11 मालिकेतल्या चीफच्या आराखड्याशी नातं सांगतो, तेव्हा जुने पुष्पक हाताळणाऱ्यांनी ती वाचून ठेवावी.

खाली, लूपच्या बाहेरच्या बाजूचा गिअर: धडाला जिथे पिनांनी जोडलाय ते फिटिंग, त्याच्या वेल्डची कड, आणि तिथला लाँगेरॉन (धडाची लांब नळी). नळीवर सरळ पट्टी ठेवून बाक बघा. रंगाला पडलेली तड म्हणजे खालची नळी वाकल्याची खूण असते. कबला शॉक कॉर्ड (गिअरचे धक्के झेलणारे रबरी दोर) असतात. कापडी वेष्टण काढून बघा आणि सेफ्टी केबल शाबूत आहे ना तेही. कॉर्ड तुटली आणि केबल नसेल तर पाय फाकतो, पंख खाली जातो आणि एक आख्खा दुसरा अपघात होतो.

प्रॉपेलर जमिनीला लागला असेल तर ‘आयडलवर होता, लाकडी होता, काही नाही’ हे ऐकून घेऊ नका. किमान क्रँकशाफ्टच्या फ्लँजला डायल इंडिकेटर लावून रनआउट (फिरताना होणारा हेलकावा) मोजायचा, आणि पुढे काय उघडायचं ते इंजिन कंपनीचं बुलेटिन सांगेल तसंच.

तपोवन_09
थ्री-पॉइंट की व्हील, यावर उगाच दोन पंथ झालेत. कबमध्ये आधी थ्री-पॉइंट. टेकण्याचा वेग सर्वात कमी, आणि टेलव्हील पहिल्या क्षणापासून कामाला. व्हील लँडिंग नंतर, पण शिकायलाच हवं. त्यात बाउन्सचं कारण समजून घ्या: खाली येण्याचा वेग थोडा जास्त राहिला की चाकं टेकताच मागचं वजन शेपूट खाली पाडतं, पंखाचा कोन वाढतो, विमान परत हवेत. अशा वेळी स्टिक पुढे ढकलून ‘बसवायला’ गेलात तर पुढचा बाउन्स मोठा किंवा थेट प्रॉपेलर जमिनीत. पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड (पुन्हा वर उडून नवी फेरी), बस. टेकलं आणि टिकलं, तर मगच स्टिकला हलका पुढचा दाब.

नाशिकबद्दल. ओझर विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट. दुपारी 38 अंश असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (तापून विरळ झालेल्या हवेमुळे विमानाला जणू जाणवणारी उंची) 5,000 फुटांच्या थोडं वर जातं. एअरस्पीड इंडिकेटर नेहमीचाच आकडा दाखवेल, पण जमिनीवरचा खरा वेग सुमारे 8 टक्के जास्त आणि चाकांवर जिरवायची ऊर्जा साधारण 16 टक्के जास्त. हे लक्षात नसतं, म्हणून डोळे ‘वेग जास्त आहे’ म्हणतात आणि माणूस स्टिक आधीच ओढून स्टॉलकडे (पंखाची उचल सुटण्याकडे) जातो. आकड्यावर विश्वास ठेवा.

वाऱ्याचं गणित: धावपट्टी 27 (म्हणजे दिशा 270 अंश), वारा 240 अंशांवरून 15 नॉट, तर आडवा हिस्सा 7.5 नॉट. कागदावर किरकोळ. पण मेमधल्या दुपारच्या भोवऱ्यांत तो क्षणात दुप्पट होतो, त्यामुळे शिकतानाचे तास सकाळी नऊच्या आत संपवा.

आणखी एक, ही विमानं गवतासाठी बनलेली. गवतावर टायर थोडं आडवं घसरून चूक पोटात घालतो. डांबर टायरला धरून ठेवतं आणि सगळा आडवा भार गिअरवर जातो. टायगर मॉथला तर मूळचे ब्रेकच नाहीत, मागे टेलव्हीलऐवजी स्किड. डांबरावर स्किड धरत नाही आणि झिजतो मात्र भराभर.

उजवा_पाय
@तपोवन_09, एक दुरुस्ती. कबमध्ये थ्री-पॉइंट आधी हे मान्य, पण अचानक कमी-जास्त होणारा वारा असेल तर मी व्हील लँडिंगच्या बाजूनं. शेपूट वर असताना रडर मोकळ्या हवेत असतो आणि समोरचंही दिसतं. फक्त शेपूट खाली येताना तो धोक्याचा पट्टा ओलांडायचाच आहे, तेव्हा रडर पुरता मरायच्या आत ती स्वतः उतरवा.

गंगापूर_रोड
छान, भरपूर मिळालं. हँगर ते धावपट्टीबद्दल काही? कबला स्टार्टर नाही, हातानं प्रॉपेलर फिरवायचा.

डोप_आणि_कापड
आत जाणकार माणूस बसल्याशिवाय प्रॉपेलरला हात लावायचा नाही. ब्रेकवर भिस्त नको: दोन्ही चाकांना चोक (अडवणारे ठोकळे) आणि शेपूट दोरानं जमिनीतल्या हुकाला. बाहेरचा ओरडतो ‘स्विच ऑफ, थ्रॉटल बंद’, आतला तेच परत म्हणतो, मग दोन-चार फेरे फिरवायचे. ‘कॉन्टॅक्ट’नंतर (म्हणजे स्विच ऑन) थ्रॉटल जेमतेम उघडा. स्विच ऑफ असतानाही मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) ग्राउंड वायर तुटलेली असू शकते, म्हणून प्रॉपेलर कायम जिवंत समजायचा. पायाखाली ओली माती, तेल, सैल चप्पल नको.

टॅक्सीला नाकामुळे समोरचं दिसत नाही. इंग्रजी एससारखं डावी-उजवीकडे वळत, चालण्याच्या वेगानं. समोरून वारा असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. मागून असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. ढकलताना स्ट्रटच्या मध्यावर, स्टॅबिलायझरच्या तारांवर किंवा एलिव्हेटरवर जोर नको. स्ट्रट पंखाला मिळतो त्या टोकाजवळ धरा.

वळवाच्या पावसाआधी: उभ्या टेलव्हील विमानाचं नाक वर असतं, म्हणजे समोरून आलेला झोत थेट लिफ्ट देतो, आणि कब जेमतेम 38 मैल वेगाला उडतं. दोन्ही पंख आणि शेपूट बांधा, कंट्रोल लॉक करा. जमल्यास शेपूट ट्रेसलवर उचलून पंख आडवे करा.

गंगापूर_रोड
टो मोजताना टायर जमिनीला चिकटून चुकीचं माप येतं का?

डोप_आणि_कापड
येतं. प्रत्येक चाकाखाली दोन पत्रे आणि मध्ये ग्रीस. विमान मागून पुढे एक-दोन मीटर ढकलत त्यावर आणा, पंख धरून जरा हलवा, मग मोजा. मागे ढकलून आणलंत तर आकडा वेगळा येईल.