रोग आधी कळवणाऱ्यालाच फटका बसतो, मग देश कळवतील कशाला?

नवापूर_पोल्ट्री: राम राम मंडळी. २००६ च्या फेब्रुवारीत आमच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आला न् लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या, काकांचं शेड रिकामं झालं, आणि जिथे रोगाचा पत्ता नव्हता तिथेही चिकनला कुत्रं विचारत नव्हतं. २०२१ ला परत तेच. आता पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, तो म्हणतो डब्ल्यूएचओमध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेत, महामारीचा करार झालाय, सगळे देश रोगाची माहिती आणि विषाणूचे सॅम्पल पटापट देणार. आम्ही तर पाह्यलंय की जो आधी सांगतो तोच आधी बुडतो, मग देश कशाला सांगतील? आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय की आता डब्ल्यूएचओ आपल्याकडे लॉकडाऊन लावू शकते, ते खरं का?

तापीकाठ: लॉकडाऊनचं खोटं आहे भाऊ. २० मे २०२५ ला करार मंजूर झाला, त्यातच लिहिलंय की लॉकडाऊन, लसीची सक्ती, प्रवासबंदी असलं काही लादायचा अधिकार डब्ल्यूएचओला नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते पान उघडलंच नसणार.
तुमचा पहिला सवाल मात्र जबर आहे. कळवायचा नियम डब्ल्यूएचओचा जुनाच, २००५ चा, गंभीर वाटलं की २४ तासांत कळवा. दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनचं कळवलं, तर दोन-तीन दिवसांत एकेक देशाने त्यांची विमानं बंद केली. खरं तर जादा निर्बंध लावणाऱ्या देशाने ४८ तासांत कारण द्यायचं असतं, पण नाही दिलं तर दंड-बिंड काही नाही.

केळीपट्टा_रावेर: सॅम्पलचंही तसंच. इंडोनेशियाने २००७ ला बर्ड फ्लूचे सॅम्पल देणं थांबवलं होतं, का तर त्यांच्या विषाणूवरून परदेशी कंपनी लस बनवणार आणि तीच लस त्यांना महागात घ्यावी लागणार. त्यावरून २०११ मध्ये फ्लूपुरती व्यवस्था ठरली, सॅम्पल घेणाऱ्या कंपनीने लसीचा काही वाटा द्यायचा. नव्या करारात तेच बाकी महामाऱ्यांसाठी आणायचंय, त्यात सामील झालेल्या कंपन्यांनी महामारीत उत्पादनाचा २० टक्क्यांपर्यंत माल डब्ल्यूएचओला द्यायचा आणि त्यातला निदान निम्मा फुकट. पण नेमका हाच भाग मंजुरीच्या वेळी मागाहून ठरवायच्या परिशिष्टात ढकलला. ते ठरल्याशिवाय सह्या नाहीत, आणि ६० देशांनी आपापल्या घरी मान्यता दिल्यावरच करार लागू.

धुळ्याचा_भाऊ: कागदावर सगळं गोड शे भो. कोव्हॅक्सने, म्हणजे गरीब देशांनाही कोविडची लस पोचवायच्या जागतिक योजनेने, २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी डोस देऊ म्हटलं होतं, निम्मेही गेले नव्हते. त्यात आपलाही हात होता, दुसरी लाट आली न् आपण कोविशिल्डची निर्यात थांबवली. मी सरकारात असतो तर मीही तेच केलं असतं, घरची माणसं ऑक्सिजनसाठी फिरत असताना बाहेर लस पाठवली असती तर लोकांनी जोड्याने मारलं असतं. आणि अमेरिका तर डब्ल्यूएचओतूनच बाहेर पडली, मग करार पाळायला लावणार कोण?

तापीकाठ: म्हणून काहीच नको का? देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, ते काम करताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांचे वैरीच होते की.
आणि पोल्ट्रीवाल्या भाऊंना एक सांगतो, जगाला नावं ठेवताना आपलंही बघा. आपण बर्ड फ्लूचं कारण सांगून अमेरिकेच्या अख्ख्या पोल्ट्री मालावर बंदी घातली होती, रोग एखाद्या भागात असला तरी सगळा देश बंद. ती केस २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपण हरलो. म्हणजे नवापूरमुळे पुण्यात चिकन पडून राहायचं तसलाच प्रकार, फक्त देशाच्या पातळीवर.

नवापूर_पोल्ट्री: हे माहीतच नव्हतं. मग नव्या करारात आधी कळवून फटका खाणाऱ्या देशाला नुकसानभरपाई आहे का? आमच्याकडे मारलेल्या कोंबडीमागे सरकार थोडंफार तरी देतं, म्हणून लोक फोन करतात. नाहीतर रात्रीतून पक्षी विकून मोकळे झाले असते.

तापीकाठ: नाही. तयारीसाठी, म्हणजे लॅब, माणसं, रोगावर पाळत, यासाठी पैशाची सोय लावायचं ठरलंय. पण खरं सांगितल्यामुळे विमानं बंद पडली, पर्यटन बसलं, माल अडकला, त्याची भरपाई त्यात कुठेच नाही.

केळीपट्टा_रावेर: आणि ते मागायची गोष्ट आपल्यासारख्यांनीच काढावी लागेल, विमानं बंद करणारे कशाला काढतील.