अंगठ्यावर पाण्याचे फोड, नखुरडं आहे की अजून काही?

पिल्लूची_आई: मुलगी अडीच वर्षांची आहे, अंगठा चोखायची सवय. मागच्या आठवड्यात ताप आणि तोंडभर फोड आले होते, हिरड्या पण सुजल्या होत्या. आता त्याच अंगठ्याच्या टोकाला लालसर सूज आणि बारीक बारीक फोडांचा पुंजका आलाय, हात लावू देत नाही इतकं दुखतंय. सासूबाई म्हणतात नखुरडं आहे लिंबू खोचून ठेव, शेजारच्या काकू म्हणतात सुईने फोडून पू काढ. काय करू?

दातांची_डॉक्टर: ताई प्लीज फोडू नका आणि लिंबूही नको. मी डेंटिस्ट आहे, न बघता नक्की सांगता येणार नाही पण तोंडात फोड आणि पाठोपाठ चोखायच्या अंगठ्यावर फोड म्हटलं की पहिला संशय हर्पिस सिम्प्लेक्स व्हायरसचा, ओठावर तापाचे फोड येतात ना तोच. पूर्वी ग्लोव्ह्ज न घालता काम करणाऱ्या डेंटिस्ट आणि नर्सना हे बोटावर बरंच व्हायचं. नखुरड्यात नखाच्या कडेला पू धरतो, हर्पिसमध्ये आधी चुरचुरतं, मग पाण्यासारखे फोड येतात आणि ते नंतर गढूळ दिसतात म्हणून पू वाटतो. चिरा दिला तर व्हायरस पसरतो, वर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं ते वेगळंच. बालरोगतज्ज्ञांना आजच दाखवा, तोंडातल्या फोडांचंही आवर्जून सांगा. असायक्लोविर हे या व्हायरसवरचं औषध सुरुवातीच्या एकदोन दिवसांत दिलं तर जास्त उपयोग होतो. नुसत्या अँटिबायोटिकने व्हायरस जात नाही.

सातारकर७: माझ्या बहिणीला झालेलं, ती नर्स आहे. २-३ आठवड्यांत आपोआप बरं होतं पण पहिले काही दिवस रात्री फार ठणकतं, तिला पॅरासिटामॉल आणि थंड पट्टीने बरं वाटायचं. पुढे थकवा आला की त्याच बोटाला परत आलं एकदा.

पिल्लूची_आई: संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली. घरात जाऊबाईंचं बाळ आहे महिन्याचं, त्याला लागेल का?

दातांची_डॉक्टर: हो, एवढ्या लहान बाळाला हा व्हायरस गंभीर होऊ शकतो, फोड पूर्ण सुकेपर्यंत दोघांना लांबच ठेवा आणि तुम्ही बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. अंगठ्यावर कोरडं गॉज सैलसर बांधा, टॉवेल वेगळा ठेवा. आणि तिला तो हात डोळ्याला लावू देऊ नका, डोळा लाल झाला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.