एकाच ग्रेडचं कार्ड, दोन लिलाव, दोन भाव: बोली किती लावायची?

एडिसनकर:
१९५०च्या दशकातल्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांच्या सेटमधलं एका साध्या (स्टार नसलेल्या) खेळाडूचं कार्ड हवंय, पीएसए ९, म्हणजे पीएसए या ग्रेडिंग कंपनीने कार्डाच्या स्थितीला १० पैकी ९ दिलेलं. एका लिलावात गेलं त्याच्या जेमतेम निम्म्या भावाला ते महिन्याभराने दुसरीकडे गेलं. ग्रेड तीच. अंदाज बांधायचा कशावर? सगळं धरून बजेट १५०० डॉलर, डिलिव्हरी न्यू जर्सीत.

जुना_टॉप्स:
साध्या खेळाडूचं ९ घेणारे बहुतेक पीएसएच्या सेट रजिस्ट्रीवाले असतात, म्हणजे आपला सेट तिथे नोंदवून वरच्या क्रमांकासाठी चढाओढ करणारे. ९ची मोजकीच कार्डं असतील आणि सेट पुरा करायला दोघे अडून बसले असतील, तर भाव भडकतो. त्यातल्या एकाला कार्ड मिळालं की पुढच्या वेळी दुसऱ्याच्या समोर कुणी उरत नाही. म्हणजे दुसरा भाव हाच बाजाराचा, पहिला त्या दोघांचा. पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती कार्डं दिली त्याच्या पीएसएच्या यादीत, ९ किती, १० किती ते बघा. मात्र तो आकडा जसाच्या तसा धरू नका. वरची ग्रेड मिळेल या आशेने लोक स्लॅब (ग्रेड केलेल्या कार्डाची सीलबंद प्लास्टिकची डबी) फोडून कार्ड पुन्हा पाठवतात आणि जुनं लेबल परत केलं नाही तर एकच कार्ड दोनदा मोजलं जातं.

मिलिमीटर:
दोन्ही लिलावांतल्या कार्डांचे लेबलवरचे सर्टिफिकेट नंबर जुळवा, कार्ड तेच होतं का ते कळेल. नंबर वेगळे असतील तर स्कॅन मोठे करून कडा (चित्राभोवतीची मोकळी पट्टी) मोजा. डावी कड २ मिमी, उजवी ३ मिमी म्हणजे ४०/६०. समोरच्या बाजूला ९साठी एवढंच चालतं. असं काठावरचं ९ आणि नीट मध्यावर छापलेलं ९ यांना एकच भाव कधीच येत नाही. लेबलवर ओसी असेल, म्हणजे छपाई सरकलेली, तर तो भाव हिशेबातच धरू नका.

हिशेबनीस:
जाहीर भावात बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलावगृह घेणाऱ्याकडून घेतं ते जादा शुल्क) धरलाय का, ते आधी बघा. बहुतेक लिलावगृहं तो धरूनच निकाल लावतात, बोली मात्र त्याशिवाय असते. प्रीमियम २० टक्के धरला आणि न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स त्या बेरजेवर लागला, तर ११७० च्या बोलीचे १४०४ होतात, टॅक्ससकट सुमारे १४९७. पोस्टेज वेगळं. तेव्हा ११५० ला थांबा. आणखी एक: काही ठिकाणी ठरलेल्या वेळेआधी त्या लॉटवर (लिलावातल्या त्या वस्तूवर) तुमची बोली नसेल, तर वाढीव वेळेत भागच घेता येत नाही. छोटी का होईना, बोली आधी टाकून ठेवा.

एडिसनकर:
सर्टिफिकेट नंबर वेगळे निघाले, महागातलं कार्ड मध्यावर छापलेलं आहे. मिकी मँटल या स्टार खेळाडूच्या कार्डाच्या विक्रमी भावाचा या भावांवर काही परिणाम होतो का?

जुना_टॉप्स:
धरू नका. १९५२च्या टॉप्स मँटलचं पीएसए ९ जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावगृहाकडे १ कोटी २६ लाखांना गेलं ते एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचं ९.५. ग्रेड वेगळी, कंपनी वेगळी, घेणारेही वेगळे. तुमच्या कार्डाचे मागचे चार-पाच व्यवहार काढा, सगळ्यात वरचा वगळा, आणि मध्यावर छापलेलं ९ येईपर्यंत हात आखडता ठेवा.